विश्वास आहे, तरी आतला झगडा का थांबत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरणपूर रोड, सिडको, सातपूर, नाशिक रोड, देवळाली कॅम्प अशा ठिकाणच्या घरगुती प्रार्थनांमध्ये मी बरीच वर्षं बायबल अभ्यास घेते. मी पाळक नाही, मंडळीतली एक साधी सभासद आहे. अभ्यास संपून चपला घालताना, जिन्यात, कधी रात्री उशिरा फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक रीतींत जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

बाप्तिस्मा झाला, नेमाने उपासनेला जातो, तरी मनात ही ओढाताण का? माझा विश्वासच खोटा आहे का?

नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा दर वेळी अपराधी असतो, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. देह आणि आत्मा एकमेकांच्या विरोधात उभे असतात, असं प्रेषित पौलाने बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात लिहिलं, ते आधीच विश्वास ठेवलेल्या मंडळ्यांना. रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात तो म्हणतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि जे नको तेच घडतं. हा अध्याय त्याच्या विश्वासापूर्वीच्या आयुष्याबद्दल आहे की नंतरच्या, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. गलतीकरांच्या पत्राबद्दल मात्र तशी शंका घ्यायला जागा नाही.

रोमकरांस पत्राचा ६वा अध्याय आम्ही वाचतो तेव्हा मी नेहमी शरणपूरची गोष्ट सांगते. १९व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरत आणि त्यांतली काही इथे नाशिकला येत, शाळा शिकत, सुतारकाम-लोहारकाम शिकत. जेकब वेनराइट हा त्यांच्यातलाच. मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत त्यांच्या शवपेटीला त्याने खांदा दिला. जहाजावर बेड्या तुटल्या त्या एका दिवसात. स्वतंत्र माणूस म्हणून उभं राहायला, भाषा शिकायला, हातात हुन्नर यायला कितीतरी वर्षं गेली. पौल नेमकं हेच सांगतो: तुम्ही आता गुलाम नाही, तर आता गुलामासारखं वागणं सोडा. पहिला भाग प्रभूने केला. दुसरा रोज शिकावा लागतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः भेटायला आणखी काही वर्षं लागली. इतक्या मोठ्या बाईंना जर वेळ लागला, तर सिडकोतल्या आपल्या घरात तो लागला म्हणून हबकून जायचं कारण नाही.

मनात वाईट विचार येणं हेच पाप आहे का?

विचार येणं म्हणजे परीक्षा. त्याला बसायला पाट देणं ही पुढची गोष्ट. प्रभू येशूचीही परीक्षा झाली आणि तरी तो निष्पाप राहिला, असं इब्री लोकांस पत्र स्पष्ट म्हणतं. याकोबाच्या पत्रात क्रम दिला आहे: वासना ओढते, मग ती गर्भ धारण करते, मग पापाला जन्म देते. सुरुवातीच्या पायरीवरच तुम्ही स्वतःला दोषी ठरवलंत, तर पुढच्या पायरीवर थांबायचं बळ उरत नाही. "नाहीतरी बिघडलंच आहे" असं म्हणून माणूस पुढे जातो. फार जण तिथेच घसरतात.

एकच पाप पुन्हा पुन्हा होतं. रडतो, शपथ घेतो, आठवड्याने पुन्हा तेच. काय करू?

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण इथे लोक सगळ्यात जास्त थकलेले असतात.

सातपूरच्या एका कंपनीत सेकंड शिफ्ट करणारा एक तरुण. रात्री बाराच्या सुमाराला घरी येतो. बायको-मूल झोपलेले. ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं, भाजी गार झालेली. गॅस पेटवायचा कंटाळा, म्हणून तसाच जेवतो, डाव्या हातात मोबाईल. रील्स बघता बघता एकाच्या दरम्यान तो नको त्या व्हिडिओंवर पोचलेला असतो. दोन वाजता किळस येते, बाथरूममध्ये जाऊन तो रडून प्रार्थना करतो. रविवारी प्रभुभोजनाला पुढे जात नाही आणि मग आई विचारते, का रे गेला नाहीस?

त्याने बरेच उपाय केले होते. प्रत्येक उपाय दोन वाजता सुरू व्हायचा, पाप होऊन गेल्यावर. आम्ही फक्त एवढं पाहिलं की गोष्ट सुरू कुठे होते. ती बाराला सुरू व्हायची, थकवा, एकटेपणा आणि डाव्या हातातला मोबाईल यांच्यापासून. मग बदलही तिथेच केला. आल्या आल्या फोन देवघरासारख्या एका ठरावीक जागी, त्यांच्या घरात तो फ्रिजवर, चार्जिंगला लागतो. जेवण गरम करून खातो. बायको दार उघडायला उठते, पाच मिनिटं बसते, मग दोघं झोपतात. बायकोला हे सगळं सांगणं ही यातली सर्वात अवघड गोष्ट होती आणि सर्वात उपयोगाचीही तीच ठरली.

मत्तयाच्या १२व्या अध्यायात प्रभू झाडून नीटनेटक्या केलेल्या रिकाम्या घराबद्दल सांगतो. बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो, घर मोकळंच बघतो आणि आणखी सात जण घेऊन येतो. नुसतं "करणार नाही" म्हणणं म्हणजे घर झाडणं. त्या वेळी, त्या जागी, त्याऐवजी काय करणार हे ठरलेलं असावं लागतं.

दारू, जुगाराची अ‍ॅप्स, चुगली, उधारी लपवणं, सगळ्यांना हेच लागू होतं. तुमचं काय आहे ते एका कागदावर लिहा: कधी होतं, कुठे होतं, त्याआधी तासभर तुम्ही काय करत होता. बहुतेकांना तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच वाट सापडते. दारूचं व्यसन शरीराला जडलेलं असेल तर ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. अचानक सोडल्याने झटके येऊन जिवावर बेतू शकतं.

पुन्हा घसरलात तर? उठा आणि त्याच दिवशी कबूल करा, रविवारची वाट पाहू नका. योहानाच्या पहिल्या पत्रात पापांच्या क्षमेचं अभिवचन आहे, तिथे कितव्यांदा हे विचारलेलं नाही.

पण सांगायचं कोणाला? आपला समाज केवढासा. एकाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीला कळतं.

ही भीती खरी आहे आणि ती बाळगण्यात काही चूक नाही. नाशिकमध्ये ख्रिस्ती कुटुंबं मोजकी आहेत, नातीगोती एकमेकांत गुंतलेली आहेत. मुलामुलींची स्थळं त्याच वर्तुळातून येतात. "बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरात जरा अडचण आहे" या एका वाक्यातून किती संसारांची अब्रू चव्हाट्यावर आली आहे, हे आपण सगळे जाणतो. प्रार्थना-विनंतीच्या नावाने होणारी चुगली मला दारूपेक्षा वाईट वाटते, कारण तिची कोणाला लाजही वाटत नाही.

तरीही सांगावं लागतं. एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं याकोब ५व्या अध्यायात म्हणतो आणि पुढे जोडतो: म्हणजे तुम्ही बरे व्हाल. लपवलेली गोष्ट रात्री मोठी होत जाते. तीच दुसऱ्याच्या कानावर घातली की तिचा खरा आकार दिसतो आणि तो बहुधा वाटला होता त्याहून लहान असतो.

कॅथलिकांना इथे एक सोय आहे. पापनिवेदनात सांगितलेलं फादर कोणत्याही परिस्थितीत बाहेर सांगू शकत नाहीत, ते फोडणाऱ्याला चर्चच्या कायद्यात बहिष्काराची शिक्षा आहे. आपल्या फादरांसमोर संकोच वाटत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जा, त्याला कोणाची हरकत नसते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकांशी बोलता येतं किंवा एखाद्या प्रौढ विश्वासू माणसाशी. माणूस निवडताना एकच बघा: तो तुमच्यापाशी इतरांबद्दल काय बोलतो? इतरांची गुपितं तुम्हाला सांगणारा तुमचंही इतरांना सांगणार. पुरुषाने पुरुषाशी आणि बाईने बाईशी बोलावं हे बरं. व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहू नका, समोरासमोर बसून बोला. आधी छोटी गोष्ट सांगून पाहा. ती महिनाभर बाहेर आली नाही तर मोठी सांगा.

आणि कोणी तुमच्याकडे आलं तर? ऐकून घ्या. लगेच वचन फेकू नका. "मलाही वाटायचं तू असा नसशील" हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका.

प्रार्थनेला बसते, पण मन लागत नाही. शब्द छताला लागून परत येतात. पूर्वी डोळे भरून यायचे, आता काहीच होत नाही.

आपल्याकडच्या द्राक्षबागा पाहा. दिंडोरी-निफाडकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा बाग अगदी बोडकी दिसते. नवख्या माणसाला वाटेल, हिचं आता काही खरं नाही. त्या छाटणीनंतर फळ येतच नाही, नुसती काडी वाढते. पण जाणता बागाईतदार त्या दिवसांत सर्वात जास्त काळजी घेतो, कारण त्याच दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड तयार होत असतो. बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो घड बाहेर पडतो, तो उन्हाळ्यात आत धरलेला असतो. योहानाच्या १५व्या अध्यायात प्रभू पित्याला माळी म्हणतो आणि फळ देणाऱ्या फांदीलाच तो छाटतो असं सांगतो. नाशिकच्या माणसाला हे वचन वेगळं समजावून सांगावं लागू नये.

कोरडे दिवस सगळ्यांना येतात. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की कितीतरी दशकं त्यांना आतून अंधारच जाणवत होता, आणि त्या अंधारातच त्या रोज पहाटे उठून कामाला जात होत्या. ८८वं स्तोत्र वाचा. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे असली प्रार्थनाही देवाने ठेवून घेतली.

करायचं काय, तर स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा दुसऱ्याचे घ्या. प्रभूची प्रार्थना हळू म्हणा. स्तोत्र मोठ्याने वाचा. जुनी भजनं म्हणा, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आपल्या आज्यांना तोंडपाठ होती ती उगाच नाही. वेळ कमी करा, नेम मोडू नका. दहा मिनिटं तर दहा मिनिटं.

आणखी एक नियम १६व्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोलांनी घालून दिला आहे आणि मी तो प्रोटेस्टंट असूनही सगळ्यांना सांगते: मन उजाड असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका. मंडळी सोडणं, लग्न मोडणं, सेवा सोडणं, नोकरीचा राजीनामा, यातलं काहीही त्या दिवसांत करू नका. मन शांत असताना पुन्हा विचार करा. तेव्हाही तेच योग्य वाटलं तर खुशाल करा.

देव आहे की नाही, अशी शंकाच येते. हे कोणाला बोलू शकत नाही, कारण माझे वडील मंडळीत मानाचे आहेत.

मार्क ९ मध्ये आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत कर. दोन्ही एका दमात. येशूने त्याला परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं. शिष्य थोमाने पुन्हा उठलेल्या येशूच्या जखमा बघायला मागितल्या आणि त्याला त्या दाखवल्या गेल्या. शंका घेऊन प्रार्थनेला बसता येतं. वडिलांशी बोलणं जमत नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे दुसरा माणूस शोधा. आणि वाचा. प्रश्न बुद्धीचा असेल तर त्याला नुसतं "विश्वास ठेव" हे उत्तर पुरत नाही.

सोसायटीत गणपती बसतो. आरतीला बोलावतात, प्रसाद देतात. गेलं तर मन खातं, नाही गेलं तर शेजार तुटतो.

नाशिकच्या ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला हा झगडा वर्षातून अनेकदा येतो आणि सिंहस्थाच्या वर्षात तर अख्खं गाव गोदावरीकडे निघालेलं असतं. आपल्यातल्या अनेकांची आजोळची माणसं, चुलते, मावश्या अजून हिंदू आहेत. तेव्हा हा परक्या लोकांचा प्रश्न नाही, घरातलाच आहे.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ८व्या आणि १०व्या अध्यायात पौलाने यावर सविस्तर लिहिलं आहे. मूर्ती काही नाही, असं तो म्हणतो. कोणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते काही न विचारता खा, असंही म्हणतो. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी आणि विवेकासाठी खाऊ नका, असंही त्याच ठिकाणी आहे. मंडळ्या यावर वेगवेगळी शिकवण देतात. तुमच्या पाळकांचं मत घ्या.

माझं मत सांगते. मी आरतीला उभी राहत नाही, प्रसाद घेत नाही, पण मांडवाची वर्गणी मागायला आलेल्या मुलांना पाणी दिल्याशिवाय सोडत नाही. त्या दहा दिवसांत कोणाच्या घरी पाहुणे जास्त झाले तर आमची खोली उघडी असते. नाताळला करंज्या-चकल्यांचं ताट पहिल्यांदा शेजारी जातं. "ताई आरतीला येत नाहीत" हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून कधी कोणाचं तोंड वाकडं झालेलं नाही. मन कुरतडतं ते ऐनवेळी दारात ताट आल्यावर ठरवायला बसलं की. आधीच ठरवा आणि नम्रपणे सांगा. हात जोडून "आमच्यात घेत नाहीत, पण तुम्ही आठवणीने आणलंत, बरं वाटलं" एवढं पुरतं. कुत्सितपणे नाकारलेल्या प्रसादाने प्रभूचं नाव मोठं होत नाही.

नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण इथे ठेवावी. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात सोवळं-ओवळं, कोणाच्या हातचं पाणी प्यावं नि कोणाच्या नाही, हा गुंता त्यांच्या मनातून थोडा थोडा करून सुटत गेला. टिळकांनी घाई केली असती तर काय झालं असतं कोण जाणे. आपल्या घरातल्या सुनेला किंवा जावयाला हा वेळ आपण देतो का?

राग आवरत नाही. बाहेर सगळे म्हणतात किती शांत माणूस, घरात मात्र भांडी आपटतात.

बाहेर गिळलेला राग घरात निघतो. इफिसकरांस पत्र ४ म्हणतं, सूर्य मावळेपर्यंत राग राहू देऊ नका. अपमान कंपनीत झाला असेल तर घरच्यांना तो शब्दांत सांगा: "आज सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला, डोकं तापलंय, अर्धा तास द्या." इतकं सांगितलं तरी बरेच स्फोट टळतात. आणि ज्याच्यावर ओरडलात त्याची माफी मागा, मूल असलं तरी. मुलाची माफी मागितल्याने बापाचा मान जात नाही.

मार खाणाऱ्या बायकांसाठी हे स्वतंत्र लिहिते. क्षमा करा याचा अर्थ मार खात राहा असा होत नाही. हे तुम्हाला कोणी वचन दाखवून सांगत असेल तर ते वचन चुकीचं वापरलं जातंय. आधी सुरक्षित जागी जा. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीची मदत ११२. क्षमेचं पुढे बघता येईल.

मंडळीतल्याच माणसांनी दुखावलंय. आता चर्चच्या पायऱ्या चढाव्याशा वाटत नाहीत.

कमिटीची निवडणूक, मालमत्तेचे वाद, कोण पुढच्या बाकावर बसतो, कोणाच्या मुलीला गायनमंडळात घेतलं नाही. हे सगळं आपल्याकडे आहे, नाकारून उपयोग नाही. मत्तय १८ मधला क्रम पाळा: आधी त्या एका माणसाशी एकांतात बोला, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीसमोर. आपल्याकडे उलटं होतं, गावभर आधी कळतं आणि ज्याने दुखावलं त्याला शेवटी. काही महिने दुसऱ्या मंडळीत बसून उपासना केलीत तर ते पाप नाही. घरी एकट्याने बसून राहणं मात्र लांबवू नका. आणि झालेला प्रकार गुन्हा असेल, विशेषतः मुलांशी गैरवर्तन, तर तो मंडळीत मिटवायचा विषय नाही. पोलिसांत तक्रार द्या.

हे सैतानाचं काम आहे की डिप्रेशन? नातेवाईक म्हणतात सुटकेच्या प्रार्थनेला घेऊन जा, डॉक्टर गोळ्या देतात.

प्रार्थनाही करा आणि गोळ्याही घ्या. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या कोणाचंही ऐकू नका, त्याच्या सभेला कितीही गर्दी असली तरी.

पहिले राजे, १९वा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला उपदेश केला नाही की पश्चात्ताप करायला सांगितलं नाही. त्याला झोपू दिलं. दूताने उठवलं, भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. पुन्हा खायला दिलं. देवाचा मंद आवाज त्याच्या कानी आला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. खचलेल्या माणसाची विचारपूस कोणत्या क्रमाने करायची हे इथे दिसतं: झोप, जेवण, सोबत आणि मग शब्द.

सलग दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, कशात रस वाटत नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, आपण ओझं आहोत असं वाटतं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, आजच कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. थायरॉइड किंवा जीवनसत्त्वांची कमतरता यांनीही मन खचतं, तेव्हा रक्ततपासणी करून घेणंही शहाणपणाचं.

मधुमेहाची गोळी घेताना "विश्वास कमी पडला" असं आपण म्हणत नाही. मनाच्या गोळीला ते का म्हणायचं?

प्रार्थना केली, उपास केले, तरी देवाने हा त्रास काढला नाही. का?

मला माहीत असल्यासारखं उत्तर देणार नाही. पौलाने देहातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. गेथशेमाने बागेत प्रभूनेही प्याला दूर करायला सांगितलं होतं. तुमची प्रार्थना ऐकली गेली नाही याचा अर्थ तुमच्यात काही लपलेलं पाप आहे, असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर दुःखात असलेल्या ईयोबाला असंच सांगणाऱ्या त्याच्या मित्रांचं शेवटी काय झालं ते त्यांना वाचायला सांगा. उपासाबद्दल एवढंच: मधुमेह, गरोदरपण, किंवा खाण्याचा विकार असेल तर अन्नाचा उपास करू नका. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मोबाईलचा करा.

वेळच नाही. पहाटे पंचवटी एक्स्प्रेस पकडते, रात्री घरी. रोज काय करू?

गाडीत जागा मिळाल्यावर एक स्तोत्र. दुपारी डबा उघडताना मनापासून आभार, घाईने उरकलेले नकोत. रात्री अंथरुणात पाच मिनिटं दिवस मागे फिरवून पाहा: आज देव कुठे जवळ वाटला, कुठे मी पाठ फिरवली, उद्या काय अवघड आहे. शेवटी त्या अवघड गोष्टीचं नाव घेऊन मदत मागा. इग्नेशियस यांनी शिकवलेल्या आत्मपरीक्षणाचा हा सोपा प्रकार आहे. त्यात झोप लागली तर लागू द्या.

हा झगडा कधी संपतो?

या जन्मात पूर्ण नाही. पण तोच झगडा त्याच जागी राहत नाही. फ्रिजवर फोन ठेवणाऱ्या त्या तरुणाचा झगडा आता धाकट्या भावाशी असलेल्या जमिनीच्या वादावर आला आहे. प्रभुभोजनाला तो पुढे जातो.

माझ्यासाठी नाही, मुलासाठी विचारतेय. अकरावीत आहे, चर्चला येतो पण तोंड मिटून. काहीतरी चाललंय त्याच्या मनात. त्याला बोलतं कसं करू?

समोर बसवून विचारू नका. गाडीवर मागे बसलेला असताना, भाजी निवडताना, रात्री दिवे गेल्यावर मुलं बोलतात. विचारलंत तर एकदाच विचारा आणि थांबा. तो जे सांगेल त्यावर पहिल्या दिवशी काहीही बोलू नका, "सांगितलंस ते बरं केलंस" एवढंच म्हणा. त्याच्या नावाने मंडळीत प्रार्थना-विनंती देऊ नका. त्याच्या पप्पांना सांगणं गरजेचं वाटलं तर आधी त्याला विचारा आणि सांगताना त्यालाही सोबत बसू द्या. जिवाला धोका असल्याचं कळलं तर मात्र परवानगीसाठी थांबायचं नाही, त्याच्यासमोरच फोन उचला.